थ्रो मारायचा नाही, हा नियम कुणी केला?

ताई,

माझं वय ४७. सांगलीत विश्रामबागला हार्डवेअरचं दुकान आहे. शाळेत असताना, १९९३-९४ च्या सुमारास, आम्ही पाच मित्र स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पडीक असायचो. गेम एकच, दोन फायटरांच्या मारामारीचा 'स्ट्रीट फायटर टू'. ते पार्लर कधीच बंद झालं. तीन वर्षांपूर्वी तसलंच एक जुनं मशीन भंगारातनं आणलं, दुरुस्त केलं आणि वखारभागात एका मित्राच्या गोडाऊनमध्ये लावलं. रविवारी संध्याकाळी जमतो. भडंग, चहा आणि गेम.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, 'स्ट्रीट फायटर सिक्स' खेळतो. हौसेनं त्याला गोडाऊनवर नेलं. आमच्यातला जो गाईल नावाचा फायटर घेतो तो विट्याचा. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात कोइमतूरला असतो, वर्षातनं एकदा येतो. त्यानं लांबनंच बूम, म्हणजे गाईलच्या हातातनं सुटणारा गोळा, टाकत भाच्याच्या केनला ओळीनं सात वेळा हरवलं. भाचा म्हणाला, "काका, तुम्ही नुसतं मागं बसून बूम टाकताय. याला खेळणं म्हणत नाहीत." मग जवळ जाऊन त्यानं थ्रो मारला, म्हणजे धरून आपटलं, तर सगळे ओरडले, आमच्यात थ्रो चालत नाही. तेव्हा तो म्हणाला, "मामा, हा गेमच तुटका आहे. लहानपणची आठवण आहे म्हणून तुम्हाला भारी वाटतो."

माझं डोकं फिरलं. हा जगातला पहिला फायटिंग गेम आहे, तुमचे सगळे गेम याच्यावरच उभे आहेत, आणि एका बटणावर आडुकेन (रियू-केनचा हातातनं सुटणारा गोळा) काढणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये, असं सगळ्यांदेखत बोललो. आमच्या मशीनवर तर उडी मारून हवेतनंही आडुकेन टाकता येतो, स्टार्ट दाबला की मधेच फायटर बदलतो. असा गेम आज आहे कुठं? उजव्या बाजूचं शेवटचं बटण अधूनमधून लागत नाही, पण त्यानं काय बिघडतं?

भाचा उठून गेला. भाऊबीजेला तासगावला बहिणीकडे गेलो तर खोलीतनं बाहेर आला नाही. मित्रही दुसऱ्या दिवशी न भेटताच कोइमतूरला गेला. गेमची बाजू घेतली यात माझं चुकलं का? आणि त्याला पटवायचं कसं?

— विश्रामबागचा मामा


दादा,

'आडुकेन' हा शब्द वाचला आणि मी थेट साताऱ्यात, पोवई नाक्याजवळच्या एका अंधाऱ्या खोलीत जाऊन उभी राहिले. मे महिन्यात मामेभाऊ मला तिथं न्यायचा. मुली तिथं येत नसत. पुढचा नंबर आपला हे कळावं म्हणून मशीनच्या काचेखाली रुपयाचं नाणं ठेवायचं आणि वाट बघायची. नंबर आला की मी चुन-ली घ्यायचे, कारण घेता येणाऱ्या आठ जणांत ती एकटीच बाई होती. तेव्हा मी तुमच्याच बाजूची आहे. हा गेम मोठा आहे असं मला आजही वाटतं, आणि ते आठवणींमुळे नाही. पण त्या रविवारी भाच्यानं जे पाहिलं, त्यावरून हा गेम तुटका आहे हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पुरा गेम त्याच्यासमोर आलाच नाही.

आधी थ्रोचं. या गेमचा सगळा संसार तीन गोष्टींवर चालतो. मारलेला फटका ब्लॉकनं अडतो. ब्लॉक धरून बसलेल्याला थ्रो उचलून आपटतो. आणि थ्रो मारायला अगदी अंगाशी यावं लागतं, तेव्हा येता येता फटका बसण्याची भीती असते. यातलं एक काढलं की उरलेल्या दोघांचा तोल जातो. तुम्ही थ्रो काढलात. मग ब्लॉक धरून मागं बसणाऱ्याला उठवायला भाच्याच्या हातात काही उरलंच नाही, आणि त्यानं जे एकमेव योग्य उत्तर शोधलं त्यावर सगळे ओरडलात. कवठेपिरानच्या पैलवान मारुती मानेंच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला मी वेगळं काय सांगू? मैदानात कुणी म्हणालं, आमच्यात पट काढायचा नाही, तर त्या कुस्तीला तुम्ही कुस्ती म्हणाल का?

हा नियम का आला हेही मला ठाऊक आहे, कारण साताऱ्यातही तो होताच. थ्रोनं हरलेल्या पोराला आपण हरलो असं वाटायचं नाही, आपला रुपया कुणीतरी हिसकावला असं वाटायचं. त्यात या गेमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पकड बसली की सुटका नव्हती. वेळेवर बटण दाबून थ्रोचा मार कमी करायची सोय १९९४ च्या 'सुपर टर्बो'त आली. मधल्या दोन-तीन वर्षांत पोरांनी आपापल्या गल्लीत कायदा करून टाकला. रुपयावरून हाणामारी होऊ नये म्हणून तो ठीक होता. आज तुमच्या गोडाऊनमध्ये कुणाचा रुपया जातोय? भाच्याच्या 'सिक्स'मध्ये थ्रो पहिल्या दिवसापासून शिकवतात आणि तो सोडवायलाही शिकवतात. त्यानं तुमच्या मित्राचा अपमान केला नाही. त्याला येत होता तो साधा, सरळ डाव त्यानं टाकला.

दुसरी गोष्ट सांगताना मला जरा वाईट वाटतंय. हवेतनं आडुकेन आणि स्टार्ट दाबून मधेच फायटर बदलणं, हे गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीनं केलेलंच नाही. कॅपकॉमनं १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' आणला, १९९२ मध्ये त्याची 'चॅम्पियन एडिशन' आली. त्यात शेवटी मशीनकडनं लढणारे चारही बॉस घेता येऊ लागले, दोघांना एकच फायटर घेता येऊ लागला. या 'चॅम्पियन'चा प्रोग्राम कुणीतरी परस्पर बदलून मशीनच्या आत बसणारे बोर्ड विकले. त्यातला सगळ्यांत पसरलेला प्रकार 'रेनबो एडिशन' म्हणून ओळखला जातो, आणि तुमच्या मशीनमध्ये तोच किंवा त्याचाच एखादा भाऊ आहे. तेव्हा भाचा त्याला 'तुटका' म्हणाला, तर त्या बोर्डापुरतं ते अक्षरशः खरं आहे. तो मुद्दाम तोडलेला गेम आहे. मजा येते त्याची, मलाही यायची. पण ज्या माणसांनी एकेका लाथेची लांबी तोलून मापून ठरवली त्यांचं काम त्यात दिसत नाही. गंमत अशी की या नकली बोर्डांचा सुळसुळाट बघूनच १९९२ च्या अखेरीला कॅपकॉमनं 'हायपर फायटिंग' काढला. वेग वाढवला, रियू आणि केनला हवेत फिरकी लाथ दिली, माझ्या चुन-लीला हातातनं सोडायचा गोळा दिला, धालसिमला गायब होऊन दुसरीकडे उगवायची विद्या दिली. हे सगळं मोजून मापून. तुम्हाला ज्या वेगाची आणि हवेतल्या डावांची चटक आहे ती खऱ्या रूपात तिथं मिळेल.

आता गाईल. इथं मात्र मी भाच्याच्या विरुद्ध आणि तुमच्या विट्याच्या मित्राच्या बाजूनं उभी राहते.

मागं बसून बूम टाकणं याला खेळणं म्हणत नाहीत, हे वाक्य ज्यानं गाईल मनापासून घेतला नाही तोच बोलतो. बूम काढायची तर मशीनचा दांडा (जॉयस्टिक) साधारण सेकंदभर मागं धरून ठेवावा लागतो, मग पुढं ढकलून पंच. म्हणजे गाईलला शस्त्र हवं असेल तर मागंच राहावं लागतं. तो एक पाऊल पुढं चालला की हातातली बूम गेली, पुन्हा पहिल्यापासून साठवायची. त्याची ताकद आणि त्याची बेडी एकच आहे. चांगला गाईल प्रत्येक क्षणी हिशोब करत असतो, आता जागा घेऊ की बूम राखू? हलक्या पंचानं हळू बूम सोडायची आणि तिच्यामागनं स्वतः चालत जायचं, समोरचा बूम अडवण्यात गुंतला की आपण जवळ पोचलेले. हे जमायला वर्षं लागतात. उडी मारून आला तर खाली दाबून ठेवलेला दांडा वर आणि किक, तो हवेतल्या हवेत उलटा. तुमचा मित्र बसला नव्हता, दादा. तो दबा धरून होता.

कुस्तीत सलामी झाल्यावर दोघं हात झटकत, मानेवर थाप देत, एकमेकाचा पाय बघत फिरतात, ती खडाखडी. नवख्या माणसाला वाटतं काहीच चाललेलं नाही. जाणकाराला तिथंच कळतं कोण जिंकणार. 'स्ट्रीट फायटर टू'चा जीव या खडाखडीत आहे. फटका लागेल न लागेल अशा अंतरावर दोघं पुढंमागं होतात, एक जण लाथ हुकवायला लावतो आणि हुकलेल्या पायावर मारतो. मी सुरुवातीला किकचं बटण नुसती बडवायचे, कारण तसं केलं की चुन-लीचे पाय शंभर होतात. एकदा माझ्यापेक्षा मोठा एक मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, "बटण सोड. त्याचे पाय बघ." तेवढंच. त्या दिवशी मी हरलेच, पण पहिल्यांदा समोरचा काय करू पाहतोय ते मला दिसलं. कोण होता कुणास ठाऊक. गेमबद्दल त्यानं एक शब्दही काढला नव्हता, थोर आहे की जुना आहे, काही नाही.

गाईलला फोडायचं कसं हे भाच्याला तुम्ही सांगायला हवं होतं. केनचा आडुकेन सोडून झाल्यावर सावरायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा गाईल बूम सोडून लवकर मोकळा होतो, म्हणून गोळ्याला गोळा देत बसलं की केन हरणारच. त्याऐवजी बूम ब्लॉक करायची आणि अर्धं पाऊल पुढं. ब्लॉक केली तरी चिमूटभर लाइफ जातं, जाऊ द्यायचं, त्या बदल्यात जमीन मिळते. असं करत त्याला कोपऱ्यात न्यायचं. पाठ टेकली की त्याला सरकायला जागा नाही. आणि तिथं पोचल्यावर तो ब्लॉक धरून राहिला तर थ्रो. सात डावांत भाच्यानं हे स्वतःहून शोधलं होतं, हे तुमच्या लक्षात आलं का?

आणि त्याचा राग अगदीच निराधार नाही, हेही मान्य करा. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत गाईल वाजवीपेक्षा जास्तच भारी होता. समोरचा हातकड्या घातल्यासारखा गाईलला चिकटून राहील असा एक दोषही त्यात होता, तो पुढच्या आवृत्तीत काढला. एवढं कबूल केलं म्हणून गेम लहान होत नाही.

'जगातला पहिला' हे मात्र यापुढं म्हणू नका. १९८४ मध्ये 'कराटे चॅम्प' आला होता, आणि 'टू' म्हटलं की एक असणारच, तो १९८७ चा. भाचा हे फोनवर अर्ध्या मिनिटात बघतो आणि मग तुमचं पुढचं खरं बोलणंही त्याला खोटं वाटतं. 'यावर सगळे उभे आहेत' हे मात्र खरं आहे, आणि त्याला त्यातली एक गोष्ट नक्की सांगा. मोटार फोडायचा तो बोनस राउंड आठवतो ना? तो तपासताना कॅपकॉमच्या नोरिताका फुनामिझू यांच्या ध्यानात आलं की वेळ अचूक साधली तर एक फटका संपायच्या आत दुसरा लागतो, मधे समोरच्याला काही करताच येत नाही. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. इतकं अवघड आहे की कुणाला फारसं साधणार नाही, असं समजून तसंच राहू दिलं. ज्याला आज कॉम्बो म्हणतात, ज्याच्यासाठी भाचा प्रॅक्टिस मोडमध्ये रात्र घालवत असेल, तो या पडद्यावर असा चुकून रुजला.

एका बटणावरच्या आडुकेनचं तर बोलायलाच नको होतं. 'सिक्स'मध्ये ती सोय आहे, पण त्या सोप्या वाटेनं काढलेल्या डावाचा मारही कमी पडतो, म्हणजे त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय तुमच्या मशीनवर तो ते सात डाव दांडा फिरवूनच खेळला ना? आणि एक बघा, तुमचे आठही जण, रियू, केन, होंडा, ब्लँका, गाईल, चुन-ली, झँगिफ, धालसिम, २०२३ मध्ये 'सिक्स' आला तेव्हापासून त्यात आहेत. गाईलची बूम अजूनही दांडा मागं धरूनच साठवता येते. तो पोरगा तुमच्याच गल्लीतला आहे.

आता तुम्ही विचारलेलं. गेमची बाजू घेतली यात चुकलं का? मला तुमचं पत्र वाचून वाटलं, तुम्ही गेमची बाजू घेतलीच नव्हती. वर्षभर कोइमतूरला भट्टीपुढं बसणारा मित्र चार दिवस आलेला, त्या मशीनपाशी त्याला पुन्हा पंधरा वर्षांचं व्हायचं असणार, आणि घरच्याच पोरानं त्याला सगळ्यांदेखत म्हटलं, हे खेळणं नव्हे. तुम्हाला ते सहन झालं नाही. साहजिक आहे. पण भाच्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला दिसला एक काका, जो त्याला जवळच येऊ देत नाही. आणि ज्या मामानं हौसेनं नेलं, तोच अनोळखी माणसांपुढं त्याला बोलला. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला हे केवढं लागतं, हे आपण त्या वयाचे होतो तेव्हा आपल्याला कळायचं.

म्हणून आधी मित्राला फोन करा. भाच्याबद्दल सफाई देऊ नका. त्याला एवढंच विचारा की पोराला गाईल फोडायला शिकवशील का. ज्याला आपला फायटर आतून माहीत असतो त्याला त्याची फट कुठं आहे हेही माहीत असतं, आणि ती सांगायला तो आनंदानं तयार होईल असा माझा अंदाज आहे.

मग तासगावला जा. बहिणीमार्फत निरोप नको, स्वतः जा. त्याला सांगा, थ्रोबद्दल तुझंच बरोबर होतं, आम्ही नियम काढून टाकला. सांगा की बोर्ड नकली आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. सगळ्यांपुढं बोललो ते चुकलं, हेही त्याच्या आईसमोर म्हणा, कारण तिलाही ते लागलंय. आणि त्या काकांबद्दल सांगा, ते कोण, कुठं असतात, वर्षातनं किती दिवस येतात, शाळेत असताना कोण कुणाशेजारी उभं राहायचं. हे ऐकल्यावर त्याला गेम आवडेलच असं नाही. नाही आवडला तर नाही. त्याचं मत त्याच्याकडे राहू द्या.

त्यानंतर त्याची मदत मागा. २०१८ मध्ये कॅपकॉमनं 'स्ट्रीट फायटर'चा तिसाव्या वाढदिवसाचा संग्रह काढला. त्यात पार्लरमधले बारा खेळ आहेत, कुणी हात न लावलेले. त्यातला 'हायपर फायटिंग' इंटरनेटवरून समोरासमोर खेळता येतो. 'सिक्स' चालवणाऱ्या कॉम्प्युटरला हा संग्रह म्हणजे काहीच ओझं नाही. एक तुमच्याकडे, एक कोइमतूरला, आणि जोडणी करून द्यायला भाचा. मग मित्राला दिवाळीची वाट बघायला नको, आणि ते राहिलेले डावही होतील. पहिल्या रविवारी फोन स्पीकरवर ठेवा म्हणजे मित्र खेळता खेळता त्याला सांगू शकेल. तुम्ही मात्र मधे बोलू नका.

गोडाऊनमधलं मशीन काढू नका. तो बोर्ड मजेसाठी तसाच असू दे, थ्रोसकट. फक्त ते उजवीकडचं शेवटचं बटण. 'त्यानं काय बिघडतं' असं तुम्ही लिहिलंय, पण सहा बटणांत ते सगळ्यांत जोराच्या किकचं आहे. पाहुणा उजव्या बाजूला उभा राहत असेल तर भाचा ते सात डाव पाचच बटणांवर खेळला असेल. बटणाच्या आत छोटा मायक्रोस्विच असतो, त्याची पत्ती थकते. मागचं दार उघडा, दोन वायरी काढा, नवा बसवा, वायरी परत जिथल्या तिथं लावा. हार्डवेअरवाल्या माणसाला दहा मिनिटांचं काम आहे. तासगावला जाण्याआधी करून टाका.